पाठीवरचा हात

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी वही घ्यायला लावली. शिकवणी झाली की शिकलेलं त्याच दिवशी लिहून काढायचं, हा त्यांच्याकडे सगळ्यांनाच नियम आहे. कुठल्या भाषेत लिहायचं ते त्या बोलल्या नाहीत, म्हणून मी आपल्या भाषेत लिहितोय. म्हणजे काय वाट्टेल ते लिहिता येईल. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर सलग चार ओळी लिहिल्या त्या फक्त नोकरीच्या अर्जावर. त्यातल्याही दोन खोट्या होत्या.

बाईंच्या दारावर पाटी आहे. गाणं. गायकांसाठी अभिनय. उच्चार सुधारणा. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर बाई. घंटा दाबली की आवाज होत नाही, आत दिवा लुकलुकतो. काचेतून दिसतं. मोठ्या लोकांचं सगळं वेगळंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीसमोर उभं केलं, टेबलावरचा दिवा माझ्या तोंडावर वळवला आणि गा म्हणाल्या. मी गायला लागलो. त्या उठून मागे आल्या आणि माझ्या पाठीवर, दोन फऱ्यांच्या मधोमध, हात ठेवला. गाणं संपलं तरी हात काढला नाही. मग म्हणाल्या, "तुझ्या पाठीत घंटा आहे." आणि दर गुरुवारी पाचला यायला सांगितलं.

मी इथे दोन वर्षांच्या करारावर आलोय. इस्पितळांच्या चादरी धुण्याचा कारखाना आहे, तिथे ओल्या चादरी गरम रुळात सरकवायच्या. करार ३१ मेला संपतो. तोवर दुसरी पक्की जागा मिळाली तर राहायचं, नाहीतर घरी. आणि घरी जायचं तर गायक होऊनच, हे मी दाजींसमोर बोलून बसलोय. दाजी म्हणजे ताईचा नवरा. निघताना सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, जातोयस तर जा, येताना थोडा आवाज घेऊन ये.

२० फेब्रुवारी

उच्चार. इथल्या भाषेत एक अक्षर आहे, जीभ कुठेच टेकवायची नाही, हवेत तशीच धरायची. बाई माझ्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात. अक्षर बरोबर आलं तर पट्टी हलते, चुकलं तर मेल्यासारखी पडून राहते. पाऊण तास मी त्या पट्टीला फुंकर मारत होतो. चुलीपुढेसुद्धा एवढं फुंकलो नसेन.

शेजारच्या घरात कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं. माझ्या दाढा हलत होत्या. बाईंच्या कपाळावर आठी नाही. एवढी एकाग्रता. आपल्याला जमायला जन्म जाईल.

प्रश्न असेल तर कागदावर लिहून दे म्हणतात. माझं बोलणं अजून नीट नाही ना, म्हणून.

६ मार्च

महत्त्वाचं. आज लक्षात आलं की बाईंनी मला जबड्यावरून टोकलंय, खांद्यांवरून टोकलंय, जिभेवरून, श्वासावरून, बुटांवरूनसुद्धा. सुरावरून एकदाही नाही. पियानोवर पट्टी वाजवतात, मी धरतो, त्या मान हलवतात. म्हणजे सूर माझा जन्मजातच आहे, त्यात शिकवण्यासारखं काही नाही. हे कुणाला सांगता येत नाही, गर्व वाटेल. म्हणून इथे लिहिलं.

मामाला सांगून बघितलं. मामा सख्खा नाही, खोलीत पलीकडच्या खाटेवर असतो, पन्नाशीचा, अकरा वर्षं याच कारखान्यात. आपल्याकडचे सगळेच त्याला मामा म्हणतात. म्हणाला, तू न्हाणीघरात गातोस तेव्हा मला वाटतं नळात बोका अडकलाय. जळतो. अकरा वर्षं चादरी सरकवून माणूस असाच होणार.

मी आता कारखान्यातच सराव करतो. रूळ चालू असला की शेजारच्याची शिवीपण ऐकू येत नाही, मोकळेपणाने गाता येतं.

१३ मार्च

अभिनय. बाई म्हणाल्या, तू दार उघडून आत येतोस, आत माणसं हसतायत, त्यांच्यातला एक जण मेल्याची बातमी तुला सांगायची आहे. ये.

मी तोंड पाडून आलो. नाही म्हणाल्या. डोळे पुसत आलो. नाही. नऊ वेळा आलो. शेवटी त्यांनी सांगितलं की बातमी आणणारा माणूस रडत नाही, तो आधी बसायला जागा बघतो. दहाव्यांदा मी खुर्चीची पाठ धरली आणि उभा राहिलो. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "आता गा," म्हणाल्या, आणि पाठीवर हात ठेवला.

परत येताना रस्त्यात उगाचच बापाची आठवण आली. त्याची बातमी आणणाऱ्याने काय धरलं होतं, ते काही केल्या आठवेना.

२६ मार्च

नाट्यगृहाच्या दारावर कागद लागलाय. समूहात गाण्यासाठी माणसं हवीत, पक्की नोकरी, चाचणी १२ मेला. मी तो कागद सहा वेळा वाचला, मग तिथल्या पहारेकऱ्याला वाचायला लावला, कारण मला बरं तेवढंच दिसतं असं मामा म्हणतो. पहारेकऱ्याने वाचला, तरी तेच लिहिलं होतं.

हे झालं तर ३१ मेची भीती गेली. ताईला फोन केला. आई मागून ओरडली की थंडीत गाऊ नकोस, घसा बसेल. दाजींनी फोन घेतला. समूहात म्हणजे गर्दीत का, म्हणाले. मग आम्हाला कसं कळणार तुझा आवाज कुठला. मी म्हटलं, कळेल.

२७ मार्च

बाईंना कागद दाखवला. वाटलं होतं, पाठ थोपटतील. त्यांनी तो घडी घालून मला परत दिला आणि म्हणाल्या, अजून एक वर्ष थांब.

मी म्हटलं, वर्ष माझ्याकडे नाही, दोन महिने आहेत. त्या म्हणाल्या, मग दुसऱ्या कुणाकडून एकदा ऐकवून घे, माझ्याकडून नको. का, विचारलं. नव्या कानाला वेगळं कळतं, म्हणाल्या.

हे काही मला पटलं नाही. स्वतःचा शिष्य दुसऱ्याच्या दारात कोण पाठवतं? गेलो नाही.

१५ एप्रिल

आज एक मजा झाली. मुकादम फोनवर होता आणि पलीकडून इस्पितळाची बाई त्याला झापत होती, चादरी कमी आल्या म्हणून. मुकादमाने फोन माझ्या हातात कोंबला. मी बाईंनी शिकवल्यासारखं बोललो. जबडा सैल, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरवायचा. ती निवळली. शेवटी म्हणाली, तुमच्याकडे एक तरी इथला माणूस आहे म्हणायचा.

मुकादम माझ्याकडे असा बघत होता, जणू काही रूळच बोलायला लागलाय. दुपारी मामाने माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, साहेबांपासून लांब उभे राहा, चादरीचा वास लागेल.

१७ एप्रिल

बाईंकडे पोचलो तर स्वयंपाकघरातून किटलीची शिट्टी. त्या वहीत काहीतरी लिहीत बसलेल्या. शिट्टी वाढत वाढत किंचाळायला लागली. मी वाट बघितली, मग आत जाऊन गॅस बंद केला. पाणी आटून तळ काळा झाला होता. बाई चमकल्या. मग म्हणाल्या, कधीकधी मी फार आत गेलेली असते. कलावंत माणूस.

गाताना आज हात नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवला. डोळे मिटले होते, समोरच्या आरशात दिसलं. कुणी माझं गाणं असं कधी ऐकलं नव्हतं.

६ मे

संकट आलं, तेही चांगल्या कपड्यात. मुकादमाने बोलावून सांगितलं की इस्पितळांच्या फोनवर माणूस बसवायचाय, जागा पक्की, कराराची कटकट नाही, मी तुझं नाव वर पाठवलंय. सोमवारी सकाळी नऊला वरचे साहेब येऊन तुझं बोलणं ऐकणार. सोमवार म्हणजे १२ मे. चाचणी दहाला, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

दिवस बदलता येईल का, विचारलं. मुकादम म्हणाला, साहेबांचा दिवस साहेब बदलतात. गाणं काय पळून जातंय का कुठे?

मामा हे ऐकून खाटेवर उठून बसला. नेहमी थट्टा करतो, आज केली नाही. म्हणाला, हातातलं टाकून पळत्यामागे जाऊ नकोस रे, अकरा वर्षांत मला खुर्चीवर बस असं कुणी म्हटलं नाही. मी ऐकून घेतलं.

८ मे

बाई म्हणाल्या, फोनची जागा घे.

दोनदा म्हणाल्या. "तुझं बोलणं तयार आहे. त्याची हमी मी देते." मी विचारलं, आणि गाण्याची? त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला, आधीच सारखा होता तो. मग म्हणाल्या, गाण्याची हमी कुणी देत नाही.

आता कळलं. इतकी वर्षं शिकवतायत, एकही शिष्य नाट्यगृहात गेला नाही. मी गेलो तर मग मी काही गुरुवारी येणार नाही. माणूस कितीही मोठा असला तरी आतून माणूसच. राग आला नाही, कीव आली. निघताना वाकून नमस्कार केला. त्यांच्यात तसं करत नाहीत, त्या दचकल्या.

मुकादमाला सांगून टाकलं, दुसऱ्याला बसवा.

१२ मे, सोमवार

लिहायचं नव्हतं. नियम आहे म्हणून लिहितोय.

अर्जावर गुरूचं नाव लिहायची ओळ होती. तिथे बाईंचं नाव मी सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं.

आत तीन माणसं. मधे संचालक, एक टिपणं घेणारा, आणि पियानोवर पांढऱ्या केसांची एक बाई. मी आलो, उभा राहिलो, खांदे खाली, गुडघे सैल. संचालकाने टिपणवाल्याला कोपर मारलं, ऐटीत उभा राहिलाय म्हणून. तेवढं बरं झालं.

चार ओळी गायलो. थांबवलं. पियानोवालीने पट्टी परत दिली, परत गायलो, परत थांबवलं. मग तिने एकच सूर वाजवला आणि म्हणाली, हा धर. धरला. तिने दुसरी पट्टी दाबली, मग तिसरी, बोट सरकवत खाली खाली येत राहिली आणि एके ठिकाणी थांबली. "तू इथे आहेस," म्हणाली. मग वरची पहिली पट्टी परत दाबली. "आणि आम्ही इथे." आवाजात तुसडेपणा नव्हता. तिने दोन्ही आळीपाळीने वाजवले. दोन वेगळे आहेत एवढं कळत होतं. त्यातला माझा कुठला, ते कळत नव्हतं.

संचालकाने विचारलं, हे तुला कुणी कधी सांगितलं नाही? मी म्हटलं, माझ्या गुरूंनी सुरावरून मला एकदाही टोकलेलं नाही. मग त्याने अर्ज बघितला, नाव वाचलं आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या अजून शिकवतात का, असं त्याने विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, आठ विद्यार्थी आहेत. कशा शिकवतात तेही सांगितलं, म्हणजे यांना कळावं कुणाशी गाठ आहे. दिवा तोंडावर. कागदाची पट्टी. पाठीवर हात. शेजारी भिंत फोडली तरी न हलणारी एकाग्रता.

पियानोवालीने झाकण खाली केलं. संचालक हळू म्हणाला, त्यांना ऐकू येत नाही का आता?

मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त येतं. आणि बाहेर आलो. टिपणवाला जिन्यापर्यंत मागे आला. बोलता मात्र छान, म्हणाला.

१३ मे

कामावर गेलो. रुळाजवळ गायलो नाही. मामाने विचारलं नाही. दुपारी त्याच्या डब्यातलं अर्धं माझ्यासमोर सरकवलं आणि दुसरीकडे बघत जेवला.

१५ मे, गुरुवार

जाणार नव्हतो. गेलो. जिन्यात ठरवलं होतं की काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

बाईंनी विचारलं, काय झालं. दिवा तोंडावर होता. निकाल नंतर कळवतील, म्हणालो. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. आठवून बघितलं, त्या नेहमीच ओठांकडे बघतात. मी समजत होतो, उच्चार तपासतायत.

मग मी पाठ फिरवली. खिडकीबाहेर बघत म्हणालो, बाई, तुम्हाला ऐकू येतं का? काही नाही. मोठ्याने विचारलं. मग आपल्या भाषेत बोललो, तोंडाला येईल ते. तुम्ही मला फसवलंत. माझी जागा गेली. माझ्या दाजींसमोर मी काय तोंड घेऊन जाऊ. ओरडत होतो मी. खालचा किल्लीवाला रस्त्यावर येऊन वर बघायला लागला.

मागून बाई शांतपणे म्हणाल्या, "खांदे वर आलेत. खाली घे."

मी वळलो. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. त्यांनी आधी खुर्चीची पाठ धरली, मग बसल्या. किती वेळ बोलतोयस, विचारलं. मी म्हटलं, बराच. नाट्यगृहात काय झालं तेही सांगितलं.

पुढचं सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. ऐकू येणं सात वर्षांपूर्वी कमी व्हायला लागलं, दोन वर्षांपूर्वी संपलं. बाकीची मुलं शाळेत गातात, तिथे कुणी ना कुणी त्यांचा सूर सांभाळतो, म्हणून निभावलं. मला दुसऱ्याकडे जा म्हणाल्या, ते त्यासाठी. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

"बोलणं मला दिसतं," म्हणाल्या. "ओठ दिसतात, जीभ दिसते, कागदाची पट्टी हलते. तुझं बोलणं मी खरंच शिकवलंय. गाणं दिसत नाही."

मग मला घेतलंत कशाला, असं मी विचारलं. ओठ नीट हलवून, प्रत्येक अक्षर वेगळं, त्यांनी शिकवलं तसं.

त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. "बाकीच्यांचे आवाज माझ्या हाताला लागतच नाहीत. तुझा लागायचा. दोन वर्षांत मी तेवढंच गाणं ऐकलंय."

मला काहीतरी लागट बोलायचं होतं. त्याऐवजी आत जाऊन पाणी प्यायलो आणि त्यांनाही आणून दिलं.

१९ मे

मुकादमाकडे गेलो. फोनच्या खुर्चीवर दुसरा पोरगा बसलाय, इथलाच. मुकादम म्हणाला, तुझ्याइतकं गोड बोलत नाही तो, पण आला होता सोमवारी. मी मान हलवली. काही चूक नाही त्यात. परतीची तारीख भिंतीवरच्या यादीत लागलीय, ३१ मे, माझं नाव चौथं.

ताईला सांगितलं की येतोय. ती म्हणाली, अगोबाई, आणि गाणं? मी म्हटलं, आल्यावर बोलू. दाजी मागे होते, काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२२ मे, गुरुवार

शेवटची शिकवणी. गाणं घेतलं नाही. बाईंनी टेबलावर फोन आणून ठेवला आणि सात घरांचे नंबर लिहिलेला कागद. आठवा मी. म्हणाल्या, शिकवणं थांबवतेय. नाट्यगृहातून कुणी काही म्हणायच्या आधी मीच सांगते. पण मला फोनवर बोलता येत नाही, आणि चिठ्ठी पाठवायची नाहीय. चिठ्ठीत माणूस लपतो.

मी म्हटलं, मी का? त्या म्हणाल्या, तुझ्यासारखं स्वच्छ माझ्याकडे दुसरं कोण बोलतं?

काय सांगायचं ते त्यांनी लिहून ठेवलं होतं, तीन वाक्यं. ऐकू येत नाही, हे त्यात सरळ लिहिलेलं. त्या समोर बसल्या, दिवा माझ्यावर, माझे ओठ बघत. मी एकेक नंबर लावला. पहिल्या घरी बाप होता, त्याने मुकाट्याने ऐकलं आणि ठेवला. दुसऱ्या घरी एका मुलीची आई चिडली, मग विचारायला लागली की दोन वर्षं तिच्या मुलीला नक्की काय शिकवलं. मी विचारतो म्हणून फोन बाजूला धरला. बाईंना दिसलं होतं, त्यांनी नुसतं कागदावर बोट ठेवलं. मी तीच तीन वाक्यं परत वाचली. चौथ्या घरी एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही बाईंचे कोण? माझा श्वास मधेच संपला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. विद्यार्थी, म्हटलं.

सातव्या घरी आई होती. तिने शांतपणे ऐकलं. थांबा म्हणाली, मुलगी पलीकडच्या खोलीत सराव करतेय, तिला कसं सांगू ते मला कळत नाहीय. आणि फोन न ठेवता ती गप्प झाली. मागून त्या मुलीचं गाणं येत होतं. लहान आवाज, थांबत थांबत, तीच ओळ पुन्हा पुन्हा. आई ऐकत होती, मीही ऐकत होतो. मग आईने फोन ठेवला.

बाई पुढे वाकल्या. आई शेवटी गप्प का झाली, विचारलं. मुलगी गात होती, म्हटलं.

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. त्यांनी विचारलं, "सुरात होती?"

खोलीत दिवा होता, माझे ओठ त्यांना स्पष्ट दिसत होते. मी म्हटलं, हो. अगदी सुरात.

मला काय कळतंय त्यातलं.